आचारी की आचार्य?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या संकेतप्रणालीवर लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण विषय घरातूनच गळ्यात पडला. आजोबांनी जमवलेल्या वऱ्हाडी म्हणी 1996 साली सीताबर्डीवरच्या एका टंकलेखन केंद्रातून संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. हस्तलिखित वही 2023 च्या सप्टेंबरात नाग नदीच्या पुरात गेली. म्हणून फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला!

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हा करार म्हणजे संकेतप्रणाली. अमेरिकेच्या ‘आस्की’ करारात 128 जागा. तिथे मराठीला थारा नाही. तेव्हा त्या काळच्या अनेक फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्याच आकड्यांवर मराठी वळणे बसवली. फाँट हरवला की मजकूर मेला.

सर्वांसाठी एक करार नव्हताच असे मात्र नाही. कानपूरच्या आयआयटीत देवनागरी टर्मिनलवर काम झाले. पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. 1991 साली ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले. देवनागरी असो वा बंगाली, ‘क’चा आकडा एकच, सगळ्या ब्राह्मीच्याच लेकी ना!

मला सर्वांत भावला तो ‘र’चा निवाडा. ‘र’, हलन्त, ‘य’ असे दिले की संगणक रफार काढतो. म्हणजे ‘आचाऱ्यांना वाढायला सांगा’ लिहावे आणि झारा जावा आचार्यांच्या हाती! त्यावर तोड अशी, की इस्कीत साध्या ‘र’ला 207 आणि दक्षिणी भाषांच्या कठोर ‘ऱ’ला 208 हा आकडा आहे. या दुसऱ्याला हलन्त जोडला, की आपला ‘ऱ्य’ उमटतो. युनिकोडनेही हाच नियम ठेवला. तो नसता तर ‘वऱ्हाड’ तरी धड कसे लिहिले असते?

माझ्या टर्मिनलवर मी युनिकोडचा ‘यूटीएफ-8’ प्रकार निवडला आहे. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह त्यात तीन बाइट खाते, इंग्रजीचे एकच. आणि टर्मिनलच्या सारख्या चौकटींत मात्रा कधी कधी शेजारच्या घरात शिरतात. तरी आकडे पक्के, म्हणून फाँट बदलला तरी मजकूर राहतो.

आता जुन्या फाँटाचे एकेक चिन्ह ओळखून तक्ता करतो आहे. त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टंकलेली, रफार नंतर. दोन्ही हलवावे लागतात. चाळीसेक म्हणी वाचता आल्या. उरलेल्यांसाठी आजीला विचारतो. तिला निम्म्या पाठ आहेत.