व्हिसा तिच्या नावाचा

"तुमचे मिस्टर काय करतात हो?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "बंदरावर असतात." समोरचीला वाटतं, बोटीवर असतील. पण हे कंटेनर टर्मिनलचे ऑपरेशन्स मॅनेजर. बोट धक्क्याला लागली की कंटेनर उतरवायचे, नवे चढवायचे आणि तिला वेळेत सोडायचं. बोट उभी राहिली की खर्च तासातासाला वाढतो. क्रेन तासाला किती कंटेनर उचलते, यावर यांची झोप ठरते!

आमच्या बोनकोडे गावातल्या आगरी घराला बंदराचं कौतुक कधीच नव्हतं. शेती नवी मुंबईसाठी गेली. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या हाकेला धावून गेलेल्यांत माझे सासरेही होते. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. दहा वर्षांनी तिथंच देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल आलं आणि हे बंदरावर कामाला लागले. सासरे, म्हणजे आमचे आबा, आठ दिवस यांच्याशी बोलले नाहीत.

पण त्या कामानंच परदेशाची दारं उघडली. टर्मिनल चालवणाऱ्या कंपन्या जगभर पसरलेल्या, कामाची पद्धत सगळीकडे सारखीच. न्हावा-शेव्याला हात बसलेला माणूस दुबईलाही चालतो. २००७ मध्ये आम्ही जेबेल अलीला गेलो, नंतर ओमानमध्ये सलालाला. सलालाला पावसाळ्यात आपल्यासारखीच झिमझिम, नारळ-केळीच्या बागा. खिडकीत उभी राहिले की कोकणच वाटायचं. शाळेतली नोकरी मात्र मी सोडून आले होते. व्हिसावर मी फक्त यांची बायको!

२०१३ मध्ये आबा गेले. लेकीच्या दहावीसाठी मी गावी परतले होते. तिकडे धक्क्याला मोठी बोट लागलेली. हे पोचले तिसऱ्या दिवशी, अग्नी पुतण्यानं दिला. त्यावर हे आजवर एक शब्द बोललेले नाहीत. मीही विचारलं नाही.

आणि आता लेक म्हणते, "आई, मला सिंगापूरच्या टर्मिनलवर नोकरी मिळतेय. जाऊ?" बोटीवर कुठला कंटेनर कुठं ठेवायचा, याचं नियोजन करायचं काम. माझ्या तोंडावर आलं होतं, "आधी लग्न कर, मग जा." पण गिळलं.

मैत्रिणींनो, १९५६ मध्ये अमेरिकेतून ५८ कंटेनर घेऊन एक जहाज निघालं आणि या धंद्याची सुरुवात झाली. त्याच वर्षी इकडे मुंबईत सिंदिया कंपनीच्या सुमती मोरारजी भारतीय जहाजमालकांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. एवढ्या वर्षांपूर्वी एक बाई तिथवर पोचली होती. मग मी माझ्या लेकीला कशाला अडवू?

रात्री-अपरात्री फोन येतील, सणाला घरी येता येणार नाही, कुणाच्या शेवटच्या वेळीही पोचता येणार नाही कदाचित. हे सगळं मी तिला समोर बसवून सांगितलं. यांनीही सांगितलं, पहिल्यांदाच, आबांचं नाव घेऊन.

ती म्हणाली, "तरी जाते."

परवा तिचा व्हिसा आला. मी चष्मा लावून दोनदा वाचला. कुणाची बायको म्हणून नाही, हुद्दा तिचा स्वतःचा.