‘पटतं’ म्हणजे किती पटतं?

मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने शहरांच्या राहणीमानाचा निर्देशांक जाहीर केला. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत बंगळूर पहिलं, पुणे दुसरं, ठाणे अकराव्या जागी आणि कल्याण-डोंबिवली बाराव्या; दिल्ली त्याहूनही खाली, तेरावी. यातले ३० टक्के गुण नागरिकांच्या मतांवरून दिलेले होते. त्यासाठी १६ जानेवारी ते २० मार्च २०२० या काळात १११ शहरांतल्या सुमारे ३२ लाख लोकांचं म्हणणं नोंदवलं गेलं. नळाला पाणी किती आलं ते मीटर सांगतो. पण त्या पाण्याबद्दल माणसाला काय वाटतं, त्याचा आकडा कसा काढायचा?

अमेरिकेतल्या लुई थर्स्टन यांनी १९२८ मध्ये ठामपणे मांडलं की माणसाचा कल मोजता येतो. त्यांची रीत मात्र फार कष्टाची. चर्चविषयीची १३० विधानं त्यांनी ३०० जणांकडून ११ गठ्ठ्यांत लावून घेतली आणि त्यावरून प्रत्येक विधानाचं वजन ठरवलं. १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट यांनी परीक्षकांचा हा फौजफाटाच काढून टाकला. उत्तर देणाऱ्यालाच विचारायचं: पूर्ण सहमत, सहमत, अनिश्चित, असहमत की पूर्ण असहमत? उत्तरांना ५ ते १ गुण द्यायचे आणि सगळ्या विधानांची बेरीज करायची. यातली बेरीज महत्त्वाची. एकाच प्रश्नाला पाच पर्याय दिले की मोजपट्टी तयार झाली असं सर्रास धरलं जातं, आणि ते चूक आहे. एका उत्तरात त्या दिवसाचा राग किंवा वाचण्यातली गफलत सहज शिरते. एकाच विषयावरच्या आठ-दहा विधानांच्या बेरजेत ती बरीच विरून जाते.

डोंबिवलीकराला लोकलच्या प्रवासाबद्दल काय वाटतं हे मोजायचं आहे, असं धरू. ‘लोकल वेळेवर येते आणि तिच्यात शिरता येतं’ हे विधान बाद, कारण त्यात दोन गोष्टी आहेत. गाडी वेळेवर येते पण शिरता येत नाही, त्याने खूण कुठे करायची? त्याऐवजी ही चार घेऊ: ‘माझी नेहमीची गाडी बहुतेक वेळेवर येते’, ‘स्टेशनात येण्या-जाण्याची सोय चांगली आहे’, ‘सकाळी गाडीत चढताना भीती वाटते’, ‘या प्रवासापायी डोंबिवली सोडावीशी वाटते’. पहिली दोन कौतुकाची, पुढची दोन तक्रारीची. तक्रारीच्या विधानांचे गुण उलटे धरायचे, म्हणजे ६ मधून वजा करायचे.

असं का, ते हिशेबातच दिसतं. दारात आलेल्या माणसाला नाही कशाला म्हणा, म्हणून एखाद्या काकूंनी चारही विधानांना ‘सहमत’ म्हटलं. चारही विधानं कौतुकाची असती तर त्यांचे १६ गुण झाले असते, आणि त्या लोकलवर खूश आहेत असा निष्कर्ष निघाला असता. उलटी विधानं असल्यामुळे बेरीज होते ४, ४, २, २ म्हणजे १२, बरोबर मधोमध. शिवाय कौतुक आणि तक्रार दोन्हींना होकार आलेला पाहून तपासणाऱ्याला ती उत्तरपत्रिका बाजूला काढता येते.

‘सहमत’, ‘असहमत’ हे शब्द कागदावर ठीक. प्लॅटफॉर्मवर उभं राहून विचारताना ते अडखळतात. तिथे दोन टप्प्यांत विचारणं मला जास्त पसंत आहे. आधी ‘पटतं की नाही पटत?’, मग ‘पूर्ण की थोडंफार?’. मधलं उत्तर आणि ‘माहीत नाही’ यांची मात्र कधीही सरमिसळ करू नये. रोज प्रवास करून ज्याचं मत खरंच मधलं आहे त्याला ३ गुण. जे आजोबा कित्येक वर्षांत लोकलमध्ये चढलेच नाहीत त्यांचा रकाना वेगळा, गुणाविना.

ही प्रश्नावली आधी थोड्या लोकांवर करून पाहायची. बाकीच्या बेरजेशी ज्या विधानाचा मेळ बसत नाही, म्हणजे एकूण समाधानी आणि एकूण वैतागलेले दोघंही ज्याला सारखंच उत्तर देतात, ते विधान काढून टाकायचं.

नंतर येतो सरासरीचा मोह. ‘असहमत’ ते ‘अनिश्चित’ आणि ‘सहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ ही अंतरं मनात सारखीच असतात, याला काही आधार नाही. आपल्याला फक्त क्रम ठाऊक असतो. तरी बेरजेची सरासरी काढली जाते, आणि सावधपणे वापरली तर ती उपयोगी पडते. एकाच विधानाची सरासरी मात्र फसवते. समजा, ‘प्रवास सोयीचा आहे’ या विधानावर डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीत बसून जाणाऱ्या ५० जणांनी ५ गुण दिले आणि कर्जत-कसाऱ्याहून भरून येणाऱ्या फास्टमध्ये लटकणाऱ्या ५० जणांनी १. सरासरी ३. शंभरातल्या एकाचंही मत ३ नाही! म्हणून अहवालात सरासरीशेजारी प्रत्येक पर्यायाला किती जण, हे छापलंच पाहिजे, आणि कोणत्या गाडीचे प्रवासी हेही.

तारीखही हवीच. सप्टेंबर २०१९ मध्ये डोंबिवलीची पूर्व-पश्चिम बाजू जोडणारा कोपर पूल वाहनांसाठी बंद झाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये नवा खुला झाला. पूर्व-पश्चिम जाण्या-येण्याविषयीचा एकच प्रश्न या दोन तारखांच्या मध्ये विचारणं आणि नंतर विचारणं, ही दोन वेगळी मोजमापं आहेत.