दुकान नाही, माल नाही. पण दलाली मिळते!

भाजीवालीकडे आपण चार गिऱ्हाइकं पाठवली, की ती एखाद दिवशी कोथिंबिरीची जुडी वरून टाकते ना? इंटरनेटवरच्या ‘अॅफिलिएट मार्केटिंग’चं मूळ तेवढंच आहे. एखाद्या वस्तूविषयी लिहायचं, खाली दुकानाची लिंक द्यायची. त्या वाटेने जाऊन कुणी खरेदी केली, की दुकान तुम्हाला दलाली देतं. अॅमेझॉनने अमेरिकेत ही योजना १९९६ साली सुरू केली. आता ती आपल्याकडेही रुळली आहे.

यासाठी मोठी वेबसाइट लागत नाही. उलट एकाच विषयाची, पंधरा-वीस पानांची छोटीशी वेबसाइटच गृहिणीला झेपते. ‘स्वयंपाकघर’ असा ऐसपैस विषय घेतलात तर मोठ्या कंपन्यांच्या गर्दीत तुम्हाला विचारतो कोण? त्यापेक्षा बिडाचा तवा घ्या. नवा तवा वापरण्याआधी काय करायचं? घावन चिकटतं ते का? गंज चढला तर तवा टाकूनच द्यायचा का? इंडक्शनच्या शेगडीवर चालतो का? (चालतो, बरं का! पण काचेवर आपटू नका.) एकेका प्रश्नाला एकेक पान द्या. मथळा आपण गूगलला ज्या शब्दांत विचारतो त्याच शब्दांत ठेवा, एका पानावरून दुसऱ्या पानाला वाट द्या आणि फोटो स्वतःच्या तव्याचे घाला. ‘एसईओ’ म्हणून जे मोठं प्रकरण सांगतात, त्याचा निम्माअधिक भाग एवढाच.

एके काळी यात लबाडीही खूप चालली. शोधायचे शब्दच वेबसाइटचं नाव म्हणून घ्यायचे, आत इकडचं-तिकडचं उतरवायचं, अशा डझनावारी वेबसाइट निघत. २०१२ च्या सप्टेंबरात गूगलने नुसत्या नावाच्या जोरावर वर चढणाऱ्या अशा वेबसाइटना खाली ढकललं. शिवाय ऑगस्ट २०२४ पासून आपल्याकडेही गूगल स्वतःच वरती एआयचं उत्तर देऊ लागलं आहे. पुस्तकी माहितीसाठी मग तुमच्या पानावर कोण येणार? दोन वर्षं वापरलेल्या तव्याचा अनुभव मात्र तुमच्याकडेच मिळेल.

आता हिशेब. समजा, तवा बाराशेचा आणि दलाली पाच टक्के, म्हणजे एका तव्यामागे साठ रुपये. शंभर वाचकांत एकीने घेतला, तर सहाशे रुपयांसाठी हजार वाचक हवेत! पहिले काही महिने तर बहुधा काहीच हाती लागत नाही. शिवाय दर ठरवणार दुकान. एप्रिल २०२० मध्ये अॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरची दलाली आठ टक्क्यांवरून तीनवर आणली. लिहिणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. आणि ‘मीच माझ्या लिंकवरून घेईन, नणंदेलाही सांगेन’ असा बेत असेल तर तो सोडा. अॅमेझॉनच्या नियमांत ते बसत नाही.

म्हणूनच ‘महिना पन्नास हजार घरबसल्या’ सांगणाऱ्या कोर्सवाल्यांपासून जपा. आमच्या शेजारच्या वहिनी अशा एका कोर्सच्या वीस हजारांसाठी भिशीचे पैसे काढायला निघाल्या होत्या. कागदावर हा हिशेब मांडून दाखवला, तेव्हा थांबल्या. गूगलच्या ‘ब्लॉगर’वर फुकट सुरुवात होते, स्वतःचं नाव घ्यायचं तर वर्षाला हजाराच्या आतबाहेर. ‘पैसे द्या, तुमच्या पानाकडे शेकडो लिंक लावून देतो’ म्हणणाऱ्यालाही वाटेला लावा. विकतच्या लिंका गूगलच्या नियमाबाहेर आहेत.

दलाली मिळते, हे पानावर स्पष्ट लिहायचं. तसा नियमच आहे, आणि वाचणारीही आपल्यासारखीच काटकसरीने पैसे खर्चणारी असते. तव्यात खोट असेल तर तीही लिहा, विक्री गेली तरी.

आणखी एक. वेबसाइटचं नाव नोंदवताना ईमेल आणि दलालीच्या खात्यासाठी पॅन, बँकखातं सगळं स्वतःचं द्या. यजमानांचं किंवा वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाचं नको. पासवर्ड वहीत उतरवून ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख कालनिर्णयवर मांडा. पहिल्या वर्षी स्वस्तात दिलेलं नाव दुसऱ्या वर्षी महाग पडतं, तो आकडा घेण्याआधीच विचारून घ्या.