तोंडातला चट्टा दुखत नाही? मग तर आधी दाखवा!

नेर : बसस्थानकाजवळचा पानठेला असो की गावातला पार, आपल्या भागात खर्रा घोटल्याशिवाय गप्पा रंगत नाहीत. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटायचा आणि गालात धरून ठेवायचा. म्हणूनच आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर बरेचदा गालाच्या आतून किंवा गाल-हिरडीच्या खाचेत सुरू होतो. "मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" म्हणणारेही सुटत नाहीत. सुपारीनेही कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे.

कॅन्सरच्या आधीच्या खुणा

• पांढरा चट्टा : पुसला तरी निघत नाही.
• लाल चट्टा : मखमलीसारखा दिसतो. पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा.
• तोंड कमी उघडणे : आधी तिखट भाजी झोंबते, मग गाल आतून ताठ होतात. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर सावध व्हा.

हा अजून कॅन्सर नाही. प्रत्येक चट्ट्याचा कॅन्सर होतोच असेही नाही. या वेळी खर्रा सुटला, तर धोका बराच कमी होतो.

पहिला टप्पा म्हणजे काय?

गाठ किंवा जखम 2 सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढी असते आणि मानेत गाठ नसते. 2 ते 4 सेंटीमीटर झाली की दुसरा टप्पा. त्याहून मोठी झाली किंवा मानेत गाठ आली की तिसरा. जबड्याच्या हाडात किंवा गालाच्या कातडीपर्यंत पोहोचली की चौथा.

खरी अडचण अशी, की सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. दात दुखला की आपण लगेच दवाखाना गाठतो. चट्टा दुखत नाही म्हणून "सोयाबीन निघू दे, मग पाहू" म्हणतो. पहिल्या टप्प्यात अनेकदा एका ऑपरेशनवर काम भागते आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला तर जबडा काढावा लागू शकतो, वरून शेक आणि केमो.

शरद पवार यांच्यावर 2004 मध्ये तोंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. त्यानंतर ते अनेक वर्षे राजकारणात वावरले. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांना मात्र 2015 मध्ये याच आजाराने नेले.

घरीच तपासा

महिन्यातून एकदा चूळ भरा आणि मोबाईलचा टॉर्च लावून आरशासमोर उभे राहा. दोन्ही गाल, हिरड्या, ओठांच्या आतली बाजू, जीभ वर करून तिच्याखाली आणि दोन्ही कडांना पाहा. मानेला बोटांनी चाचपा. चट्टा, गाठ, विनाकारण हलणारा दात किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर थांबू नका. तंबाखू खाणाऱ्या बायांनीही तपासावे.

कुठे जायचे?

आधी आपले आरोग्य उपकेंद्र किंवा नेरचे ग्रामीण रुग्णालय. तिशी ओलांडलेल्यांची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात होते, आशाताईंना विचारा. पुढे यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय. कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

डॉक्टर जखमेचा छोटा तुकडा तपासायला काढतील. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" ही गावगप्पा आहे, त्या भीतीने परत येऊ नका. तुकडा तपासल्याशिवाय आजार पक्का कळत नाही.

खर्रा सोडायला मदत हवी असेल, तर 1800-11-2356 या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा. आणि आज रात्री हात धुवायला गेलात, की तीन बोटे घालून पाहा.