नाव, आवाज आणि परभाषा : फ्रेडी मर्क्युरीच्या गायकीचा एक भाषिक विचार

इंग्लंडमधील 'क्वीन' या रॉक वाद्यवृंदाचा प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी (१९४६–१९९१) याचे शालेय शिक्षण पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या पाचगणीस झाले, ही गोष्ट आता बहुतेकांस ठाऊक झालेली आहे. तिच्यावरून दोन परस्परविरुद्ध मते मांडली जातात. एका मताप्रमाणे हा गायक मुळात 'आपला' असून त्याच्या संगीतात त्या मूळच्या खुणा दिसतात. दुसऱ्या मताप्रमाणे त्याने आपले मूळ बुद्धिपुरस्सर झाकून ठेवले. गंमत अशी की दोन्ही पक्षांचा आधार एकच आहे, आणि तो भाषिक आहे : त्याचे बदललेले नाव, त्याचा आवाज, व त्याच्या गीतांत आलेले काही परभाषीय शब्द. भाषिक पुराव्यावरून एखाद्या व्यक्तीच्या मूळाविषयी कोठवर बोलता येते, हा प्रश्न आपल्या विषयाच्या कक्षेत येतो. म्हणून या गायकाच्या उदयकाळाचा, म्हणजे स्थूलमानाने १९७० ते १९७६ या वर्षांचा, येथे त्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

प्रथम नावाचा विचार करू. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला व त्याचे नाव फरोख असे ठेवण्यात आले. फारसीत या शब्दाचा अर्थ भाग्यवान, शुभ असा आहे. आडनाव बलसारा. मराठी वृत्तपत्रांतून हे आडनाव 'बुलसारा' असे छापले जाते, ते इंग्रजी वर्णलेखनाच्या भ्रमामुळे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखनपद्धतीत आपला ऱ्हस्व 'अ' हा रोमन 'यू' या अक्षराने दाखवीत. 'पंजाब'चे इंग्रजी लेखन त्याच पद्धतीचे आहे. तसेच बलसार या गावाचे झाले, व त्यावरून बलसारा घराण्याचे झाले. हे बलसार म्हणजे दक्षिण गुजरातमधील आजचे वलसाड. आदिस्थानी 'व' आणि 'ब' यांची, व अंती 'ड' आणि 'र' यांची अदलाबदल आपल्या भाषांच्या अभ्यासकांना नवी नाही. ग्रामनामास 'आ' जोडून आडनाव करण्याची ही रीत पारशांत रूढ आहे; भरूचचा भरुचा, बिलिमोऱ्याचा बिलिमोरिया ही त्याच जातीची उदाहरणे होत. मराठीत जे काम 'कर' हा प्रत्यय करतो तेच येथे 'आ' करतो. तेव्हा 'बलसारा' या शब्दात स्थलवाचकता आहे; पण ती झांझिबारमध्ये जन्मलेल्या व पाचगणीत वाढलेल्या मुलाच्या दृष्टीने केव्हाच निर्जीव झालेली होती, हेही विसरून चालणार नाही. पुणेकर आडनावाचा माणूस नागपुरास तीन पिढ्या राहिला म्हणजे त्या आडनावातून पुणे जसे नाहीसे होते, तसाच हा प्रकार.

'फ्रेडी' हे नाव त्याला लंडनमध्ये मिळाले, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः ते पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पडले. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास तो या निवासी शाळेत आला व तेथे त्याचे सोबती त्याला याच नावाने हाक मारू लागले. म्हणजे नावाचे पहिले इंग्रजीकरण ज्याला 'आपले' म्हणावयाचे त्या भूमीवरच झाले, इंग्लंडमध्ये नव्हे. मूळ लपविल्याचा आरोप करणाऱ्यांनी, व त्याला 'आपला' म्हणणाऱ्यांनीही, ही एवढी गोष्ट ध्यानात घेतली तरी वादाचा बराच भाग निकालात निघेल.

'मर्क्युरी' हे आडनाव मात्र त्याने स्वतः, १९७० च्या सुमारास, 'क्वीन'च्या स्थापनेच्या वेळी घेतले. रोमन पुराणातील देवदूत, बुध ग्रह, आणि पारा असे तिन्ही अर्थ इंग्रजीत या एका शब्दात आहेत. 'माय फेअरी किंग' या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील गीतात त्याने मर्क्युरी या मातेचा उल्लेख केला, व त्यावरून हे आडनाव घेतले, असे त्याचा सहकारी ब्रायन मे याने पुढे सांगितलेले आहे. पाश्चात्त्य ज्योतिषाप्रमाणे त्याची रास कन्या व तिचा स्वामी बुध. वाद्यवृंदाचे बोधचिन्ह त्यानेच रेखाटले. त्यात चौघांच्या राशी दाखविल्या आहेत : दोन सिंह, एक खेकडा, आणि कन्येसाठी दोन पऱ्या. तेव्हा राशीचा विचार त्याच्या मनात असणे अशक्य नव्हे. परंतु गीताचा आधार अधिक बळकट वाटतो. रंगभूमीसाठी घेतलेले नाव मूळ नाव गिळून टाकते, ही घटना आपल्याकडेही अपूर्व नाही. नारायण श्रीपाद राजहंस हे नाव चरित्रग्रंथांत उरले आणि बालगंधर्व हे नाव लोकांत राहिले. राजहंसांनी आपले मूळ लपविले, असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. फरक एवढाच की बालगंधर्वांना ते नाव दुसऱ्यांनी दिले, मर्क्युरीने आपले आपण घेतले.

पाचगणीतील त्याच्या संगीतशिक्षणाविषयी थोडक्यात सांगता येईल. तेथे तो पियानो शिकला. १९५८ च्या सुमारास, वयाच्या बाराव्या वर्षी, पाच मुलांचा 'द हेक्टिक्स' नावाचा शालेय वाद्यवृंद निघाला व त्यात तो पियानो वाजवीत असे. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे लागलीच पियानोवर उतरविण्याची त्याची हातोटी सोबत्यांच्या आठवणीत राहिली. मुख्य गायक मात्र दुसराच मुलगा होता. ज्याच्या आवाजावर पुढे शोधनिबंध लिहिले गेले, तो मुलगा शाळेत वादक म्हणून ओळखला जात होता!

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडमधील फेल्टम येथे आले. ईलिंगच्या कलाविद्यालयातून १९६९ मध्ये त्याने आलेखन व रचना या विषयातील पदविका मिळविली. त्याच वर्षी 'आयबेक्स' या लिव्हरपूलच्या वाद्यवृंदात तो गाऊ लागला व त्यानंतर काही काळ 'सावर मिल्क सी' या दुसऱ्या वाद्यवृंदात राहिला. दोन्ही अल्पजीवी ठरले. 'स्माइल' नावाचा तिसरा वाद्यवृंद ब्रायन मे, रॉजर टेलर व टिम स्टॅफेल यांचा होता. १९७० मध्ये स्टॅफेल बाहेर पडला, त्याच्या जागी आपला गायक आला आणि वाद्यवृंदाचे नाव त्याच्या आग्रहाने 'क्वीन' असे झाले. १९७१ मध्ये जॉन डीकन येऊन चौकडी पूर्ण झाली. यांतील मे हा लंडनच्या इंपीरियल कॉलेजात खगोलशास्त्राचे संशोधन करीत होता. ते त्याने अर्धवट सोडले व २००७ मध्ये, साठीत, पूर्ण करून डॉक्टरेट मिळविली. प्रबंध रेंगाळलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण फार मनावर घेऊ नये.

'क्वीन'च्या आरंभीच्या रचना ज्या प्रवाहात मोडतात त्याला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात. आपण त्यास प्रागतिक रॉक म्हणू. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हा प्रवाह सुरू झाला. 'किंग क्रिमसन', 'येस', 'जेनेसिस' ही त्यातील प्रमुख नावे. तीन मिनिटांच्या गाण्याचे बंधन झुगारून दीर्घ, अनेक खंडांची रचना करावयाची, एकाच रचनेत लय व ताल पालटावयाचे, युरोपीय अभिजात संगीताची रीत उसनी घ्यावयाची, आणि विषय पुराणकथा वा अद्भुतातून निवडावयाचा, ही त्याची स्थूल लक्षणे. 'क्वीन'ची पहिली ध्वनिमुद्रिका जुलै १९७३ मध्ये निघाली व तिला बेताचाच प्रतिसाद मिळाला. मार्च १९७४ मधील दुसरी ध्वनिमुद्रिका मात्र पूर्णतया या प्रवाहातली आहे. तिच्या दोन बाजूंस पहिली-दुसरी न म्हणता 'शुभ्र' व 'कृष्ण' अशी नावे दिलेली असून कृष्ण बाजूवरील सर्व गीते मर्क्युरीची आहेत. त्यांतील एक गीत रिचर्ड डॅड या चित्रकाराच्या पऱ्यांच्या चित्रावरून सुचलेले. याच बाजूवरील 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय' हे लहानसे गीत ब्रिटिश क्रमवारीत दहाव्या स्थानापर्यंत गेले, आणि त्याच वर्षीचे 'किलर क्वीन' दुसऱ्या स्थानापर्यंत.

१९७५ मधील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे या उदयाचे शिखर होय. ५ मिनिटे ५५ सेकंदांच्या या गीतास ध्रुवपद नाही. आरंभी वाद्यांविना समूहस्वर, मग पियानोवरील कथनगीत, गिटारचा आलाप, त्यानंतर ऑपेराचा खंड, त्यातून एकदम कर्कश रॉक, व अखेर पुन्हा मंद समाप्ती अशी त्याची रचना आहे. ऑपेराच्या खंडात मोठा गायकसमूह गात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात मर्क्युरी, मे व टेलर हे तिघेच आपले आवाज एकावर एक चढवीत गेले. चोवीस मार्गांच्या फितीवर हे थर इतक्यांदा चढविले गेले की फीत झिजून पारदर्शक दिसू लागली. एवढे लांब गीत नभोवाणीवर कोणी वाजविणार नाही, असे जाणत्यांचे मत होते. ते नऊ आठवडे ब्रिटिश क्रमवारीत पहिले राहिले, आणि गायकाच्या मृत्यूनंतर १९९१ मध्ये पुन्हा पहिले आले.

आता या ऑपेराखंडातील शब्दांकडे वळू, कारण 'मूळाच्या खुणा' शोधणाऱ्यांचा भर त्यांवरच असतो. स्कारामूश हे इटालियन विदूषकनाट्यातील पात्र, फँडँगो हे स्पॅनिश नृत्य, फिगारो हा ऑपेरातला न्हावी, गॅलिलिओ हा शास्त्रज्ञ, आणि यांच्या जोडीस अरबी 'बिस्मिल्ला'. या शेवटच्या शब्दावरून गायकाच्या पौर्वात्य मूळाचा निर्णय करणे मला घाईचे वाटते. तो मुसलमान नव्हता, पारशी होता. हा शब्द त्याच्या घरच्या प्रार्थनेतला नव्हे. झांझिबारसारख्या मुसलमानबहुल बेटावर त्याच्या कानी तो पडलेला असणार, एवढेच म्हणता येते. शब्दांची निवड कशी झाली याचे उत्तर अर्थापेक्षा ध्वनीत शोधणे अधिक फलदायी होईल. गॅलिलिओ, फिगारो, फँडँगो यांचा अंत स्वरात होतो. 'बिस्मिल्ला'तील अंत्य महाप्राणही इंग्रजी मुखात लोपून दीर्घ 'आ' उरतो. इंग्रजी शब्द बहुधा व्यंजनान्त असतात व गाताना स्वर लांबविण्यास ते अडचण करतात. 'गॅलिलिओ'ची शेवटची अक्षरे सारी विवृत आहेत. म्हणूनच तो शब्द अतितार व मंद्र आवाजांत चेंडूसारखा आळीपाळीने फेकता येतो. आपल्या तराण्यातील निरर्थक बोल ज्या गरजेतून आले तिच्याशी ही गरज सजातीय आहे. 'स्कारामूश' हा शब्द मात्र या नियमात बसत नाही, हे मान्य केले पाहिजे.

आवाजाविषयी २०१६ मध्ये क्रिस्टियन हर्ब्स्ट व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेला निबंध ध्वनिविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांवरून मर्क्युरीच्या बोलण्याची मध्यक कंपनसंख्या सेकंदास ११७.३ इतकी निघाली. यावरून तारस्वरात गाणारा हा गायक स्वभावतः मध्यम जातीच्या पुरुषी आवाजाचा, म्हणजे बॅरिटोन, असावा असे त्यांनी अनुमान केले. चार सप्तकांची जी ख्याती आहे तिला त्यांच्या सामग्रीत आधार मिळाला नाही. तपासलेल्या गायनात सदतीस अर्धस्वरांचा, म्हणजे तीन सप्तकांहून किंचित अधिक असा विस्तार आढळला. लांबविलेल्या स्वरावरील कंप सेकंदास सुमारे सात वेळा होतो; अभिजात गायकांत तो सामान्यतः याहून संथ असतो. सर्वांत लक्षणीय भाग त्याच्या खरखरीत स्वरोच्चाराचा. त्यात मूळ स्वराच्या खाली आणखी एक कंपन उमटते. एका व्यावसायिक गायकाकडून त्या पद्धतीचे अनुकरण करवून, अतिवेगवान चित्रणाने त्याचा कंठ पाहिला असता, खऱ्या स्वरतंत्रींच्या तीन कंपनांमागे वरच्या मिथ्या स्वरतंत्रींचे एक कंपन होत असल्याचे दिसले. बोलताना या मिथ्या तंत्री बहुधा स्वस्थ असतात. मर्क्युरीला मागील बाजूस चार दात अधिक होते व ते काढल्यास आवाज बिघडेल अशी त्याची समजूत होती. दातांचा संबंध उच्चारणाशी, विशेषतः ऊष्मवर्णांशी, पोहोचतो. स्वराची उंची ठरते ती कंठात. तेव्हा त्या आवाजात जे असाधारण होते ते दंतपंक्तीत शोधण्याचे कारण नाही, आणि वंशात किंवा जन्मभूमीत शोधण्याचे तर त्याहून नाही.

१९७६ नंतर 'क्वीन'ने प्रागतिक रॉकची वाट हळूहळू सोडली. परभाषेचे आकर्षण मात्र गेले नाही. १९७८ मधील 'मुस्तफा' या मर्क्युरीच्या गीतात अरबी, इंग्रजी, व अरबी-फारसीचा नुसता आभास देणारे निरर्थक शब्द एकत्र आलेले आहेत. ज्याला ती भाषा येते तो असे लिहिणार नाही. ज्याच्या कानात तिचा नाद लहानपणापासून आहे तोच असे लिहू शकेल. त्याच्या मूळाविषयी गीतांतून काही पुरावा काढावयाचाच असेल तर तो येथे आहे, 'बिस्मिल्ला'त नव्हे. पुढे १९८८ च्या 'बार्सिलोना' या ध्वनिमुद्रिकेत, माँसेरात काबाये या ऑपेरा गायिकेबरोबर, तो जपानी शब्द गायला. जुलै १९८६ मध्ये बुडापेस्ट येथील जलशात त्याने एक हंगेरियन लोकगीत त्याच भाषेत म्हटले. हंगेरियन त्याला येत नव्हती. शब्द त्याने तळहातावर लिहून आणले होते, आणि गाताना तो अधूनमधून हाताकडे पाहत होता. जलशाच्या चित्रफितीत ते स्पष्ट दिसते.