खानदेशी उन्हाळा आणि अचानक बंद पडणारा लॅपटॉप

तापी खोऱ्यातील जळगाव, भुसावळ आणि धुळे या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४३-४४ अंशांच्या घरात जातो आणि काही दिवस तो ४५ अंशांच्याही पुढे सरकतो. लॅपटॉप बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या मात्र भोवतालच्या हवेचे कमाल तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस धरूनच यंत्राची रचना करतात. त्यामुळे पत्र्याच्या छताखालील दुकानात किंवा स्लॅब तापलेल्या वरच्या मजल्यावर भर दुपारी चालणारा लॅपटॉप मुळातच मर्यादेबाहेर राबत असतो, आणि तो मध्येच बंद पडला म्हणून लगेच मदरबोर्ड बदलायला होकार देणे घाईचे ठरते.

संगणकाची सारी आकडेमोड करणारी मुख्य चिप, म्हणजे प्रोसेसर, काम करताना तापते. ही उष्णता हीट पाइप नावाच्या तांब्याच्या पोकळ नळीतून पातळ पात्यांच्या जाळीपर्यंत पोहोचते आणि तेथून पंखा ती बाहेर ढकलतो. कामाचा भार सारखाच असेल, तर प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा जवळपास ठरावीक अंशांनी अधिक तापतो. म्हणजे २५ अंशांच्या खोलीत ज्याचे तापमान ८० अंश असते, तोच ४३ अंशांच्या खोलीत ९८ अंशांपर्यंत जाऊ शकतो. अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की यंत्र आधी स्वतःचा वेग कमी करते आणि तेवढ्याने भागले नाही तर चिप जळू नये म्हणून वीज तोडते. अशा वेळी बंद पडणे हा यंत्राने केलेला स्वतःचा बचाव असतो.

त्यात धुळीची भर पडते. काळ्या मातीची भुकटी सर्वत्र असतेच. शिवाय जिनिंगच्या हंगामात कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगतात, ते पंख्याने आत ओढले जातात आणि पंखा व जाळी यांच्यामध्ये त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. हा थर बाहेरून दिसत नाही, त्यामुळे नुसत्या ब्लोअरने वरवर फुंकर मारून भागत नाही. खालचे झाकण उघडून पंखा बाजूला केला तरच तो निघतो. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते बेफाम फिरून बेअरिंग खराब होते. प्रोसेसर आणि तांब्याचा पत्रा यांच्यामधील थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, काही वर्षांनी सुकतो. तोही त्याच वेळी बदलून घेणे इष्ट.

मात्र दोष दर वेळी उष्णतेचाच असतो असे नाही, आणि तो ओळखण्याची किल्ली यंत्र नेमके केव्हा बंद पडते यात आहे. पंखा घोंघावू लागल्यावर, जड काम चालू असताना बंद पडत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. चार्जर काढलेला असताना पडद्यावर ३०-४० टक्के चार्ज दिसत असूनही यंत्र एकदम मावळत असेल, तर बॅटरी जुनी झाली आहे. लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वयाबरोबर आणि उष्णतेमुळे वाढतो, म्हणून भार वाढताच तिचे व्होल्टेज घसरते आणि यंत्राला लागणारी वीज मिळत नाही.

तिसरा प्रकार मात्र सहज चकवतो. कूलर किंवा पाण्याची मोटार सुरू होताना घरातील व्होल्टेज क्षणभर खाली येते. चांगली बॅटरी असलेल्या लॅपटॉपला त्याची जाणीवही होत नाही, कारण बॅटरी तेवढा वेळ इन्व्हर्टरसारखी आधार देते. बॅटरी निकामी झालेली असेल, तर तोच झटका यंत्र बंद पाडतो आणि दोष चार्जरच्या माथी मारला जातो. बॅटरी धड असूनही चार्जरची पिन किंचित हलवताच चार्जिंगचा दिवा मिणमिणत असेल, तर बिघाड जॅकमध्ये किंवा वायरीत असतो.

विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर ही नोंदवही येथे मदत करते, पण तिची मर्यादा जाणून. तेथील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद, यंत्र रीतसर बंद न होता थांबले, एवढेच सांगते. कारण सांगत नाही, म्हणून केवळ तिच्यावरून महागडा भाग बदलणे चूक होय. याउलट १०७४ क्रमांकाची नोंद आढळली, तर वापरकर्त्याने किंवा एखाद्या प्रोग्रॅमने, उदाहरणार्थ अपडेटने, यंत्र रीतसर बंद केले असे समजावे. आणखी एक सोपी चाचणी अशी की सकाळच्या गारव्यात लॅपटॉप बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या, निळ्या किंवा काळ्या पडद्यावर अर्धा तास तसाच ठेवावा; तेथेही तो बंद पडला, तर विंडोज किंवा व्हायरसला दोष देता येत नाही आणि तपास बॅटरी, चार्जर, रॅम व मदरबोर्ड यांकडे वळवावा लागतो.

टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता असते. मग आणखी चाचण्या करीत बसू नये. चार्जर काढावा, यंत्र बंद करावे, बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि ती कचऱ्यात न टाकता दुरुस्ती केंद्राच्या हवाली करावी.