बोटावर मोजता न येणारे अर्थ

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दौलतगंजातील माझ्या दवाखान्यात आमच्या घरोब्याच्या एक आजी आल्या होत्या. मी बाहेरगावी असल्याने माझ्या तरुण, हिंदीभाषी सहकाऱ्याने त्यांना तपासले. आजी पिढीजात ग्वाल्हेरच्या, हिंदी अस्खलित बोलणाऱ्या. परंतु दुखणे सांगताना माणूस आईच्या भाषेकडे वळतो. त्या म्हणाल्या, ‘‘बोटांना मुंग्या येतात.’’ सोबतच्या नातवाने मुंग्यांच्या ‘चींटियाँ’ केल्या आणि कागदावर नोंद झाली ती मुंग्या चावल्याची! मलम व ॲलर्जीची गोळी घेऊन आजी घरी गेल्या. परतल्यावर मी तो कागद वाचला, पोटभर हसलो आणि चार मित्रमंडळींत तो किस्सा रंगवून सांगितला. आजींना बोलावून घेणे मात्र राहून गेले. त्यांचे पुढे काय झाले ते सांगणारच आहे. पण त्या प्रसंगाने मला ‘बोट’ या शब्दाचा जो छंद लागला, त्याविषयी आधी लिहितो.

‘ते बोट’ म्हटले की हाताचे आणि ‘ती बोट’ म्हटली की पाण्यावरची, एवढा भेद मराठी मुलाला शिकवावा लागत नाही. ग्वाल्हेरात वाढलेल्या आमच्या नातवंडांना मात्र तो समजावून सांगावा लागतो, कारण त्यांच्या मनात आधी ‘उँगली’ येते. आश्चर्य वाटले की मराठी माणूस तोंडात बोट घालतो, हिंदी माणूस तेच दातांखाली दाबतो. आमचे आश्चर्य जरा कमी दुखते म्हणायचे! उणीव नेमकी दाखवणे म्हणजे बोट ठेवणे, दोष देणे म्हणजे बोट दाखवणे, आणि स्पष्ट बोलायचे टाळून सर्वांना सांभाळून घेणे म्हणजे बोटचेपे धोरण. ‘बोटे मोडणे’ हा तर अजब प्रयोग आहे. शेजारणीच्या नावाने कडाकडा बोटे मोडली तर तो शाप. नातवावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर मोडली तर ती दृष्ट काढणे. आवाज तोच, हेतू अगदी उलट. संधिवाताच्या रुग्ण स्त्रियांना मी बोटे मोडू नका असे सांगतो, तेव्हा यांपैकी कोणता आनंद हिरावून घेतो आहे, कोण जाणे.

बोट हे मापही आहे. चरकाने पुरुषाची उंची स्वतःच्या बोटांनी ८४ अंगुळे सांगितली, सुश्रुताने १२०. आम्हीही विद्यार्थिदशेत ‘यकृत दोन बोटे लागते’ असेच सांगत असू. अतिशय आनंद झालेल्या माणसाला स्वर्ग दोन बोटे उरतो. सोनोग्राफीच्या सेंटिमीटरांत ही गंमत नाही. १७६१ साली व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून आतील आजार ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांचे वडील खानावळ चालवीत आणि पिंपे ठोकून त्यांतील दारूची पातळी ओळखण्याची तेथे रीत होती. दोन बोटांची ही विद्या आजच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हातून निसटत चालली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाचांमध्ये अनामिका मला सर्वांत वेधक वाटते. संस्कृतात ती बिननावाची. चिनी आणि रशियन भाषांतही तिला बिननावाचेच बोट म्हणतात. लॅटिनमध्ये मात्र तिचे एक नाव ‘वैद्याचे बोट’ आणि जपानीत ‘औषधाचे बोट’! आमच्या घरी देवाला गंध लावण्याचा मान तिचाच. अंगठ्याचे दैव निराळे. तो दाखवला तर फसवणूक, उठवला तर अडाणीपणा. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल यांनी एका कंत्राटावर सहीसोबत हाताचा ठसा घेतला आणि ठशांच्या शास्त्राची पायवाट पडली. २०२५ पर्यंत वैद्यकीय महाविद्यालयांतले प्राध्यापकही हजेरीसाठी यंत्रावर बोट टेकवीत असत. आपण सारे पुन्हा अंगठेबहाद्दर झालो होतो.

आता आजींकडे वळतो. दीड-दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, त्या भाजलेली करंगळी घेऊन. तव्याला बोट चिकटले होते आणि ते त्यांना वेदनेने नव्हे, वासाने कळले होते. मी हात हाती घेतला. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होती. कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागत होती. बाहीखाली दंडावर एक फिकट, संवेदनाहीन चट्टा होता. वाचक डॉक्टरांना निदान सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, तो कुष्ठरोग होता.

आजींनी पहिला प्रश्न औषधाचा केला नाही. ‘‘डॉक्टर, हे कुणाला सांगू नका. लोक बोट दाखवतील. नातीचे लग्न व्हायचे आहे,’’ एवढेच त्या म्हणाल्या. या रोगाने बोटे झडतात असा समज आपल्या समाजात, सुशिक्षितांतही, खोल रुजलेला आहे. वस्तुतः रोग बोटे खात नाही. तो नसा बधिर करतो, आणि मग न कळलेले चटके, जखमा व जंतुसंसर्ग बोटांची हानी करतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होतो. २००५ अखेर देशातील प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली गेल्याचे जाहीर झाले, तरी नवे रुग्ण आजही सापडतात. आणि त्यांतील कित्येकांची पहिली तक्रार ‘मुंग्या’ हीच असते.

आजींनी सहा महिने नेमाने गोळ्या घेतल्या. रोग बरा झाला, चट्टा निवळला, नातीचे लग्नही थाटात झाले. परंतु करंगळीची संवेदना परत आली नाही आणि ती थोडी वाकलेलीच राहिली. ते दीड-दोन महिने वाया गेले नसते तर ती नस कदाचित वाचली असती. मी हे त्यांना एकदा सांगितले. घरात वर्षभर बोटचेपेपणा केल्यावर तेवढे सांगणे भाग होते. आजी वाती वळत होत्या, तर्जनी आणि अंगठ्याने. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘वाती वळायला करंगळी लागत नाही.’’

माझा तो सहकारी आता दुसऱ्या शहरात नावाजलेला डॉक्टर आहे. मध्यंतरी त्याच्याकडे गेलो असता त्याच्या टेबलावरचा एक केसपेपर सहज पाहिला. निदानाच्या वर, अवतरणचिन्हांत, रुग्णाचे शब्द रुग्णाच्याच भाषेत उतरवलेले होते. ग्वाल्हेरच्या माझ्या नोंदवहीतही त्या वर्षापासून तसेच आहे.